स्विचमधली रेघ आणि सभेतला ठराव

कार्यालयातल्या संगणकांचं जाळं विभागायचं म्हटलं, की संस्थेचा कारभार पाहणारी माणसं तो विषय कॉम्प्युटरवाल्याकडे सोपवून मोकळी होतात. केबल ओढणं, राउटर बसवणं, व्हीलॅन पाडणं, म्हणजे एकाच जाळ्याचे आतल्या आत वेगळे भाग करणं. जाणकाराने दुपारभरात करून द्यावं आणि बिल लावावं, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो उथळ वाटतो, आणि त्याची किंमत लहान संस्थांनाच जास्त मोजावी लागते. माझं म्हणणं असं आहे की व्हीलॅनची आखणी हा आधी कारभाराचा निर्णय आहे आणि मग स्विचमधली सेटिंग. कोणत्या कामाने कोणत्या कामापर्यंत पोहोचायचं, कुणाला कशाची गरज नाही, आणि एका यंत्रात काही शिरलं तर संस्थेचं किती काम थांबू द्यायचं, या प्रश्नांची उत्तरं तंत्रज्ञाकडे नसतात. ती संस्थेने द्यायची असतात. न दिल्यास तंत्रज्ञ स्वतःच्या सोयीने देतो, आणि बहुतेक वेळा ते उत्तर 'सगळ्यांना सगळं' असं असतं.

हे मी हिंजवडीतल्या आयटी कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून लिहीत नाही. अवसरी बुद्रुकच्या आसपासचा आंबेगाव-जुन्नरचा पट्टा घ्या. अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अवसरी फाट्यावर दूध प्रक्रियेचा मोठा प्रकल्प आहे, पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक इथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे, मंचरला बाजार समिती आहे. शिवाय गावोगावच्या ग्रामपंचायती, विकास सोसायट्या, पतसंस्था, शाळा. या लेखाचा रोख यांपैकी कुणा एका संस्थेवर नाही. पण ज्या मुलखात एवढ्या प्रकारच्या संस्था दोन-चार कोसांत आहेत, तिथे शेतकऱ्याच्या उसाचं वजन, दुधाचा फॅट, ठेवीदाराची शिल्लक आणि विद्यार्थ्याचे गुण हे सगळं कुठल्या ना कुठल्या कार्यालयातल्या लॅनवरून रोज वाहतं. म्हणून हा प्रश्न इथला आहे.

१. 'आत आहेत ती आपलीच' या समजुतीतली चूक

लहान कार्यालयाचं जाळं बहुधा एकाच साच्यातलं असतं. फायबरची लाइन राउटरवर येते, राउटरमधून चोवीस पोर्टच्या साध्या स्विचमध्ये आणि तिथून टेबलाटेबलांवर. पोर्ट कमी पडले की कुठल्यातरी टेबलाखाली आठ पोर्टचा आणखी एक डबा लागतो. हिशेबनिसाचा संगणक, टॅलीचा डेटा ज्यावर आहे तो संगणक, साहेबांचा लॅपटॉप, हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, प्रिंटर, वायफाय आणि त्या वायफायवर आलेले पाहुण्यांचे मोबाइल, सगळे एका रांगेत: १९२.१६८.१.२ पासून पुढे. कोणत्याही संगणकावर 'नेटवर्क' उघडलं की बाकीच्यांची नावं दिसतात. टॅलीच्या फोल्डरला 'एव्हरीवन'ची पूर्ण परवानगी दिलेली असते, कारण ती काढली की पलीकडच्या टेबलावर कंपनी उघडत नाही आणि लगेच तक्रार येते.

यामागे एक गृहीत आहे. धोका बाहेरून येतो, तो राउटरवर किंवा अँटिव्हायरसने अडवायचा, आत आहेत ती आपलीच माणसं. माणसं आपली असतात हे खरंच, पण माणूस आपला असला म्हणून त्याचं यंत्र आपल्याच हुकमात राहतं असं नाही. 'इन्व्हॉइस' नावाची जोडफाइल उघडणारा लिपिक अत्यंत प्रामाणिक असू शकतो. सॉफ्टवेअरची अडचण सोडवायला एनीडेस्कवरून येणारा पुरवठादारही प्रामाणिक असतो. त्याच्या स्वतःच्या संगणकात काय शिरलं आहे, हे ना त्याला माहीत असतं ना आपल्याला. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून २०१३ मध्ये सुमारे चार कोटी कार्डांची माहिती गेली, तेव्हा चोर आत आले ते शीतकरणाची कामं करणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड वापरून. आणि काही यंत्रांना तर माणूसच नसतो. २०१६ च्या मिराई या विषाणूने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता म्हणून. हजेरीचं यंत्र आणि ठेवींचं खातं एकाच सपाट जाळ्यात असेल, तर पूर्ण संस्थेची सुरक्षा तिच्यातल्या सगळ्यात दुर्लक्षित डब्याइतकीच उरते.

२. व्हीलॅन नेमकं करतं काय

पहिली गोष्ट अशी की 'संगणकांवर व्हीलॅन टाकणं' असं आपण बोलतो, तरी बहुतेक वेळा संगणकावर काहीही टाकावं लागत नाही. संगणकाला पत्ताही नसतो की तो कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे. जे घडतं ते स्विचमध्ये. पोर्ट क्रमांक ५ हा व्हीलॅन २० चा, असं स्विचला सांगितलं की त्या पोर्टमधून येणारी प्रत्येक फ्रेम २० क्रमांकाची धरली जाते आणि त्याच क्रमांकाच्या पोर्टांना दिसते. दोन स्विच जोडणाऱ्या तारेवरून, म्हणजे ट्रंकवरून, अनेक व्हीलॅनची वाहतूक एकत्र जाते, म्हणून तिथे प्रत्येक फ्रेममध्ये चार बाइटची चिठ्ठी घातली जाते. त्या चिठ्ठीतले १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात. बारा बिटांत ४०९६ क्रमांक मावतात. पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून वापरायला ४०९४ उरतात. ८०२.१क्यू या नावाने हे मानक १९९८ मध्ये ठरलं, आणि आजचा कोणताही मॅनेज्ड स्विच, कुठल्याही कंपनीचा, ते पाळतो.

ही कल्पना जन्माला आली तेव्हा प्रश्न सुरक्षेचा नव्हता, वाढीचा होता. एका जाळ्यात यंत्रं वाढत गेली की 'हा पत्ता कुणाचा?' असे सगळ्यांना उद्देशून केलेले पुकारे, म्हणजे ब्रॉडकास्ट, वाढत जातात आणि जाळं दमतं. ते तुकड्यांत वाटावं, पण प्रत्येक तुकड्याला वेगळी तार आणि वेगळा स्विच लागू नये, यासाठी व्हीलॅन आलं. हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. 'आमच्याकडे पंचवीसच संगणक आहेत, आम्हाला व्हीलॅन कशाला' हा प्रश्न त्या जुन्या हेतूतून येतो. पंचवीस संगणकांच्या पुकाऱ्यांनी कोणताही स्विच दमत नाही, हे बरोबरच आहे. पण आज विभागणीची गरज संख्येवरून ठरत नाही. पंचवीस यंत्रांत किती वेगवेगळ्या जोखमीची कामं कोंबली आहेत, त्यावरून ठरते.

३. घडलेल्या गोष्टी काय सांगतात

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवाच्या बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. ते चालवणारी कंपनी मर्स्क समूहातली. नॉटपेट्या हा विषाणू सुटला होता युक्रेनमध्ये, तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्कच्या तिथल्या कार्यालयात तो घुसला आणि कंपनीच्या आतल्या जाळ्यातून देशोदेशीच्या कार्यालयांत पसरत उरण तालुक्यापर्यंत आला. त्याने वापरलेली विंडोजमधली फट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवली होती. तरी अपडेट केलेले संगणकही पडले, कारण हा विषाणू एका यंत्राच्या स्मृतीतले पासवर्ड उचलून दुसऱ्या यंत्रावर रीतसर लॉगइन करत होता. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. इथे एक बाब बारकाईने पाहायला हवी. अँटिव्हायरस आणि अपडेट हे प्रत्येक यंत्राचे वैयक्तिक उपाय. यंत्रा-यंत्रांमधला रस्ता मोकळा असेल तर ते पुरत नाहीत. ज्या दोन संगणकांना एकमेकांशी बोलण्याचं काही कारण नव्हतं, त्यांच्यात बोलण्याची वाट होती, एवढंच विषाणूला पुरलं.

दुसरी घटना दिल्लीच्या एम्सची. २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथले पाच सर्व्हर आणि अंदाजे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, आणि कित्येक दिवस रुग्णनोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत सारं काम कागदावर आलं. सरकारने राज्यसभेत जे उत्तर दिलं त्यात प्राथमिक विश्लेषणातून निघालेलं कारण स्पष्ट होतं: नेटवर्कचं विभाजन योग्य नव्हतं. देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाविषयी संसदेत सांगितलेलं कारण एखादी गूढ तांत्रिक करामत नव्हती. वाटा वेगळ्या केल्या नव्हत्या, हे होतं. कुणी कितीही म्हणो की विभाजन ही दुय्यम बाब आहे, मला या एका उत्तरापुढे तो युक्तिवाद टिकताना दिसत नाही.

तिसरी घटना उलट्या बाजूने शिकवते. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवठादाराच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचं समोर आलं. सुमारे तीनशे लहान बँका, त्यांत सहकारी आणि ग्रामीण, तिच्यावर अवलंबून होत्या. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने काय केलं? सी-एजची जोडणी तोडली. त्या बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार तेवढे थांबले, बाकी देशाचे चालू राहिले, आणि तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. हे शक्य झालं कारण कुठे तोडायचं ती जागा आधीपासून होती. सपाट जाळ्यात अशी जागाच नसते. तिथे संकटाच्या वेळी एकच उपाय उरतो, मुख्य स्विचची पिन उपसणं, आणि मग सगळंच थांबतं.

४. पहिला टप्पा: खात्यांची यादी नको, कामांची हवी

विभागणी करायची म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी खातेवार व्हीलॅन पाडतात: लेखा १०, आस्थापना २०, भांडार ३०. दिसायला नीटनेटकं, पण यातून फारसं साधत नाही. लेखा खात्यातच एक संगणक बँकेचे पैसे हलवतो, दुसरा नुसती पत्रं टाइप करतो आणि तिसऱ्यावर दिवसभर ईमेल उघडले जातात. तिघांची जोखीम वेगळी, पण खातं एक म्हणून ते एका कुंपणात. प्रश्न असा विचारायला हवा: हे यंत्र बिघडलं किंवा दुसऱ्याच्या ताब्यात गेलं तर कुणाचं काय जाईल, आणि त्याला आपलं काम करायला कुणाकुणाशी बोलावं लागतं?

कोणताही साखर कारखाना घेतला तर हे फार स्वच्छ दिसतं. गळीत हंगामात वजनकाटा चोवीस तास चालतो. बैलगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक भरलेले येतात, गव्हाणीवर रिकामे होतात, परतताना रिकामं वजन होतं आणि फरकाची पावती निघते. काट्याच्या इंडिकेटरमधून आलेला आकडा काट्यावरच्या संगणकात पडतो, तिथून ऊस बिलात, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत द्यायच्या रकमेत. शेतकऱ्याचा सारा विश्वास त्या एका आकड्याच्या प्रवासावर उभा आहे. या संगणकाला कुणाशी बोलायचं असतं? ऊस बिलाच्या सर्व्हरशी. बस्स. त्याला इंटरनेटची गरज नाही, पाहुण्यांच्या वायफायची नाही, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरची नाही. तरीही सपाट जाळ्यात तो या सगळ्यांच्या आवाक्यात बसलेला असतो.

त्याच आवारात बॉयलर, टर्बाइन, सहवीजनिर्मिती यांची नियंत्रणं आहेत. अशा यंत्रणांत मॉडबस ही बोली अजून सर्रास चालते. ती १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आणली, त्या काळी यंत्रं आपापल्या तारेवर एकटी असत, म्हणून 'तू कोण?' हे विचारण्याची सोय मूळ मॉडबसमध्ये नाही. ज्याचा संदेश पोहोचला त्याचा हुकूम ती मानते. अशा यंत्राला पासवर्ड द्या म्हणणं व्यर्थ आहे. त्याचं रक्षण त्याच्यापर्यंतच्या वाटेवरच करावं लागतं. शेतकी विभागाच्या गट ऑफिसातल्या, ऊसनोंदी भरणाऱ्या संगणकाला टर्बाइनच्या नियंत्रकापर्यंत वाट असण्याचं एकही कारण मला सापडत नाही.

कामांची यादी अशी केली की व्हीलॅन आपोआप सुचतात आणि ते थोडेच असतात. पैसा हलवणारी यंत्रं एका गटात, मोजमाप करणारी दुसऱ्या, प्रक्रिया नियंत्रणाची तिसऱ्या, रोजचं कार्यालयीन काम चौथ्या, कॅमेरे आणि हजेरीची यंत्रं पाचव्या, पाहुण्यांचं वायफाय सहाव्या. स्विच आणि राउटर स्वतः ज्या पत्त्यांवरून चालवले जातात, तो गट वेगळा. आणि बॅकअप. बॅकअपबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे चूक सर्वाधिक होते. रोज रात्री टॅलीचा बॅकअप दुसऱ्या संगणकाच्या शेअर फोल्डरमध्ये पडतो, आणि तो फोल्डर ज्या संगणकाला लिहायला उघडा, त्या संगणकात शिरलेल्या विषाणूलाही लिहायला उघडा. रॅन्समवेअर मूळ प्रत आणि बॅकअप एकाच रात्रीत कुलूपबंद करतं. म्हणून बॅकअपचं यंत्र स्वतंत्र व्हीलॅनमध्ये असावं, त्याने स्वतः आत येऊन प्रत ओढून न्यावी, आणि कार्यालयातल्या कोणत्याही संगणकाला त्याच्याकडे जाण्याची वाट नसावी.

५. दुसरा टप्पा: बांधापेक्षा दारं महत्त्वाची

व्हीलॅन पाडले की सुरक्षित झालो, हा दुसरा उथळ समज, आणि तो पहिल्यापेक्षा घातक आहे, कारण तो समाधान देतो. व्हीलॅन वेगळे केले तरी त्यांना एकमेकांशी काहीतरी बोलावं लागतंच. मग राउटर किंवा लेयर-३ स्विच त्यांना जोडतो. लेयर-३ स्विचवर प्रत्येक व्हीलॅनला पत्ता दिला आणि रूटिंग चालू केलं, की वेगळा नियम लिहिलेला नसेल तर प्रत्येक व्हीलॅन प्रत्येक व्हीलॅनपर्यंत पोहोचतो. पुकारे तेवढे अडतात. विषाणू थेट पत्त्यावर जातो, त्याला काही अडत नाही. कागदावर आठ व्हीलॅन आणि प्रत्यक्षात पुन्हा एकच सपाट जाळं, अशी अवस्था होते.

डिंभे धरणाच्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. चाऱ्या खोदल्या म्हणून पाण्याचं वाटप होत नाही. प्रत्येक चारीच्या तोंडाशी दार लागतं, आणि दार कधी, किती उघडायचं याचा निर्णय लागतो. पाटकरी दार उघडतो, पण पाळी कुणाची हे तो ठरवत नाही. ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. व्हीलॅनमधला तंत्रज्ञ हा पाटकरी आहे. त्याच्या कौशल्याविषयी मला आदर आहे, पण पाळी ठरवण्याचं ओझं त्याच्यावर टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे.

नियम लिहिण्याची पद्धत एकच बरी: आधी सगळं बंद, मग गरजेपुरतं उघडं. काट्याच्या व्हीलॅनमधून ऊस बिलाच्या सर्व्हरपर्यंत, ठरलेल्या एका पोर्टवर, वाट उघडी. कार्यालयाच्या व्हीलॅनमधून प्रिंटरपर्यंत छपाईची वाट उघडी. प्रिंटरकडून कार्यालयाकडे स्वतःहून काही नाही. पाहुण्यांच्या वायफायला फक्त इंटरनेट. पुरवठादाराला एनीडेस्क हवं तर त्याच्या सॉफ्टवेअरच्या एका यंत्रापुरतं, आणि मागितल्यावर. प्रत्येक उघड्या वाटेसमोर ती कोणत्या कामासाठी आहे ते एका ओळीत लिहिलेलं असावं. ज्या ओळीचं कारण कुणालाच सांगता येत नाही, ती वाट बंद करावी. या सीमेवरच नोंदीही ठेवता येतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. सपाट जाळ्यात कोण कुणाशी बोललं याची नोंद कुठल्याच एका जागी नसते, मग सहा तासांत कळवणार काय?

६. तिसरा टप्पा: निर्णय कुणाचा

वरची यादी आणि वरचे नियम वाचले की ध्यानात येतं, यात तांत्रिक प्रश्न थोडे आहेत. काट्याच्या आकड्यापर्यंत कोण पोहोचू शकतं, हा कारखान्याच्या सभासदांचा प्रश्न आहे. ठेवीदारांची यादी शाखेतल्या किती टेबलांना दिसावी, हा पतसंस्थेच्या संचालक मंडळाचा. परीक्षा विभागाचं यंत्र विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेच्या जाळ्यापासून तोडायचं का, हा प्राचार्यांचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हीच जबाबदारी कायद्यात आणली आहे. वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि काम बाहेरच्या पुरवठादाराला दिलं म्हणून डेटा गोळा करणाऱ्या संस्थेची जबाबदारी संपत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती, सातबाऱ्याच्या नोंदी बाळगणाऱ्या संस्थेला 'ते आमच्या कॉम्प्युटरवाल्याने केलं होतं' असं म्हणून सुटता येणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कामांची यादी, व्हीलॅनचा तक्ता आणि उघड्या वाटांची यादी, असे दोन-तीन कागद मंडळाच्या सभेत यावेत, मराठीत लिहिलेले, आणि ठरावाने मंजूर व्हावेत. कोणती वाट का उघडी आहे हे संचालकाला समजलं नाही, तर ती ओळ पुन्हा लिहावी. अवसरी खुर्दच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना स्विचच्या आज्ञा शिकवल्या जातात. हा कागद लिहायलाही त्यांनी शिकावं. आज्ञा पुस्तकात सापडतात. शेजारच्या संस्थेचं काम समजून घेऊन त्याच्या वाटा मांडणं पुस्तकात सापडत नाही.

७. आक्षेप आणि उत्तरं

खर्चाचा आक्षेप लवकर निकालात काढता येतो. मॅनेज्ड स्विच साध्या स्विचपेक्षा महाग असतो, पण संस्थेच्या कारभारात ती रक्कम मोठी नाही, आणि सगळे स्विच एकदम बदलावे लागत नाहीत. मुख्य स्विच आणि राउटर नीट घेतला, तर टेबलाखालचा साधा डबा काही काळ चालतो, फक्त त्याच्यावरची सगळी यंत्रं एकाच व्हीलॅनमध्ये राहतात, हे ध्यानात ठेवून. खरा खर्च विचार करण्याच्या वेळेचा आहे.

गैरसोयीचा आक्षेप अधिक खरा आहे. व्हीलॅन केल्यावर पहिल्या आठवड्यात प्रिंटर 'दिसेनासा' होतो, कारण संगणक तो पुकारा करून शोधत होता आणि पुकारा आता सीमा ओलांडत नाही. पत्ता देऊन प्रिंटर जोडावा लागतो. दुसऱ्या व्हीलॅनमधल्या यंत्रांना आयपी मिळत नाही, कारण डीएचसीपीची विनंतीही पुकाराच असते. तिच्यासाठी रिले लावावा लागतो. या अडचणी येतात आणि सुटतात. पण त्या येतील हे कुणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून पहिल्याच तक्रारीला वैतागून कुणीतरी 'सगळं एकमेकांना उघडं' असा नियम टाकतो आणि पूर्ण मेहनत वाया जाते. ठराव असेल तर ती वाट अशी परस्पर उघडता येत नाही. कोणती वाट, कशासाठी, हे विचारलं जातं.

'आता सगळं क्लाउडवर आहे' असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्राने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. ६३,००० संस्था, २,५१६ कोटींचा खर्च आणि एकच सामाईक सॉफ्टवेअर. हिशेब दूरच्या सर्व्हरवर गेला, हे चांगलंच झालं. पण त्या सर्व्हरवर लॉगइन करणारा संगणक गावातच आहे. त्याचा पासवर्ड चोरायला दूरच्या सर्व्हरला हात लावावा लागत नाही. शेजारच्या टेबलावरचं दुर्लक्षित यंत्र पुरतं. क्लाउड आल्याने कार्यालयात राखायची यंत्रं कमी झाली, उरली त्यांचं मोल वाढलं.

सर्वांत गंभीर आक्षेप तज्ज्ञांचा आहे. व्हीलॅन फोडता येतं, ते म्हणतात: दोन चिठ्ठ्या घातलेली फ्रेम पाठवून एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाता येतं, किंवा स्विचला फसवून पोर्टचा ट्रंक करता येतो. हे खरं आहे, आणि त्यावरचे उपायही ठाऊक आहेत. वापरात नसलेला क्रमांक नेटिव्ह व्हीलॅन म्हणून ठेवावा, पोर्ट आपोआप ट्रंक होण्याची सोय बंद करावी, रिकामे पोर्ट बंद करून कुठेच न जाणाऱ्या व्हीलॅनमध्ये टाकावेत. शिवाय एकाच व्हीलॅनमधली यंत्रं एकमेकांना उघडी राहतातच. तिथे संगणकाची स्वतःची फायरवॉल चालू हवी. तज्ज्ञ आणखी पुढे जाऊन पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा दाखला देतील. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला तिथून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. बँकेच्या एटीएम व्यवहारांची विनंती मूळ बँकिंग प्रणालीकडे न जाता एका बनावट मध्यस्थ प्रणालीकडे वळवली गेली, आणि २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी पैसे निघाले. एवढ्या तयारीच्या टोळीला व्हीलॅनची रेघ अडवेल का? एकटी रेघ अडवणार नाही, हे मी मान्य करतो. पण अशी टोळी सहसा थेट तिजोरीच्या यंत्रावर उतरत नाही. ती कुठल्यातरी साध्या टेबलावर उतरते आणि आतल्या आत सरकत जाते. प्रत्येक सीमेवर तिला थांबावं लागलं, वाट शोधावी लागली, नोंद मागे ठेवावी लागली, तर तिला लागणारा वेळ वाढतो आणि आपल्याला कळण्याची शक्यता वाढते. कॉसमॉसनंतर, ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट आणली, डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या डिजिटल आवाक्यानुसार चार स्तरांची. पतसंस्था आणि विकास सोसायट्या रिझर्व्ह बँकेच्या या चौकटीत येत नाहीत. ज्यांच्यावर देखरेख कमी, त्यांनी आपला निर्णय आपण घेण्याची गरज जास्त.

उरला प्रश्न कधी करायचं याचा, आणि इथे आपल्याकडच्या कामाच्या वेळापत्रकाचा उपयोग होतो. कारखान्याच्या हंगामात काट्याचं जाळं हलवू नये. बाहेर गाड्यांची रांग लागलेली असते आणि आत घाईत चुकीची वाट उघडली जाते. गाळप संपल्यावर मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या ट्यूब तपासल्या जातात, काटे वैधमापन विभागाकडून पडताळून घेतले जातात. त्याच महिन्यांत स्विचचे पोर्ट मोजावेत, गेल्या वर्षीच्या उघड्या वाटांची यादी मंडळापुढे ठेवावी, ज्यांचं काम संपलं त्या बंद कराव्यात. पतसंस्थेला हाच अवकाश मार्चअखेरची धावपळ आटोपल्यावर मिळतो, महाविद्यालयाला उन्हाळ्याच्या सुट्टीत. पडताळलेल्या काट्याचा दाखला जसा काट्याच्या खोलीत लावलेला असतो, तसा त्या वर्षीचा व्हीलॅनचा मंजूर तक्ता सर्व्हरच्या कपाटात असावा, ठराव क्रमांक आणि तारखेसह.